हिऱ्याच्या कुड्या करायला टाकण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सोन्याबद्दल शिकवण्यासारखं फार काही नसतं. विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या कितीतरी घरांचा गलाईचा धंदा आहे. त्यांची माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळतात. गाडगीळांची पेढी १८३२ साली सुरू झाली ती सांगलीतच. बेदाण्याचे पैसे हातात आले की तासगावकडचा बागायतदार सराफ कट्ट्यावर येतो आणि आजचा भाव काय, मजुरी किती, मोड घातली तर किती कापणार, सगळं खोदून खोदून विचारतो. हिऱ्याच्या काउंटरवर मात्र हाच माणूस गप्प होतो. तो मुलीकडे बघतो, मुलगी आईकडे बघते, कुणीतरी ‘छान चमकतोय’ म्हणतं आणि पैसे दिले जातात.

मी सोनेतारण कर्जासाठी बँकांकडे येणारे दागिने तपासते. वडील जडावकाम करायचे, त्यामुळे खडे बसवताना बघतच लहानाची मोठी झाले. माझ्यापुढे हिऱ्याचा दागिना आला की त्यातल्या हिऱ्यांचं वजन मला वजा करावं लागतं, कारण कर्ज मिळतं ते निव्वळ सोन्यावर. मग समोरची ताई विचारते, ‘मॅडम, आम्ही एवढ्याला घेतलेला, मग किंमत इतकीच कशी?’ तिच्याकडचं बिल बघावं तर त्यावर एकच ओळ असते, ‘डायमंड टॉप्स, एक जोड’, आणि पुढे रक्कम. सोनं किती, हिरे किती आणि कसल्या दर्जाचे, मजुरी किती, काही कळत नाही. दागिना मोडायला नेला तरी हीच अडचण येते.

हिरा जरूर घ्या, हौसेनं घ्या. पण सोनं, हिरा आणि मजुरी हे तीन हिशेब दागिना करायला टाकल्या दिवसापासून वेगळे ठेवा. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी. उदाहरण सात खड्यांच्या कुड्यांचं घेते, कारण लग्नात आपल्याकडे हिऱ्याचा पहिला दागिना बहुतेक वेळा तोच होतो, आणि चौदा हिरे एकसारखे निवडायचे म्हणजे निवड करणाऱ्याचा सगळा कस लागतो.

आकार मिलिमीटरमध्ये ठरवा

दुकानात वजन सेंटमध्ये सांगतात. १०० सेंटचा एक कॅरेट, आणि एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. कानात मात्र दिसतो तो हिऱ्याचा व्यास. नीट पैलू पाडलेला गोल हिरा ३ सेंटचा असला तर साधारण २ मिलिमीटर भरतो, ५ सेंटचा २.४, १० सेंटचा ३, ३० सेंटचा ४.३, ५० सेंटचा ५.१ आणि एक कॅरेटचा साडेसहाच्या आसपास. वजन दुप्पट झालं म्हणून हिरा दुप्पट मोठा दिसत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

कुडीत मधे एक आणि भोवती सहा, म्हणजे आडव्या रेषेत तीन खडे येतात. ५ सेंटचे घेतले तर कड धरून कुडी आठ-साडेआठ मिलिमीटरची होते. १० सेंटचे घेतले तर दहाच्या पुढे जाते. ही दोन वर्तुळं जाड कागदावर काढून कापा, कानाच्या पाळीला लावा आणि आरशात बघा. लहान पाळीवर मोठी कुडी खाली ओघळल्यासारखी दिसते आणि वजनानं भोकही ओढतं. अशा मुलीला ५ सेंटची कुडी जास्त शोभते, आणि पैसेही वाचतात.

५ सेंटचे चौदा म्हणजे ७० सेंट हिरे झाले. ‘पाऊण कॅरेटच्या कुड्या’ असं कुणी म्हणालं तर ते वजनापुरतं साधारण खरं आहे. पण ७० सेंटचा एक अखंड हिरा आणि ५ सेंटचे चौदा यांच्या किमतीची तुलना होऊ शकत नाही. मोठा कच्चा हिरा दुर्मिळ, म्हणून मोठ्या हिऱ्याचा दर कॅरेटचा भाव बारीक हिऱ्यांच्या कितीतरी पट असतो. एकाच हिऱ्याची अंगठी करायची असेल तर आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. ३० सेंट, ५० सेंट, एक कॅरेट अशा गोल आकड्यांना भाव एकदम चढतो. पूर्ण कॅरेटऐवजी ९३-९५ सेंटचा हिरा मागा; व्यासात फरक जेमतेम एक दशांश मिलिमीटरचा असतो, बोटात तो कुणाला कळत नाही.

सोन्याचा भाव रोज बोर्डावर लागतो. हिऱ्याला तसा बोर्ड नाही. म्हणून कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हा ठेवा: ‘या हिऱ्यांचा कॅरेटचा भाव काय लावलाय, आणि तो कुठल्या दर्जाचा?’ दोन दुकानांची तुलना होते ती या एका प्रश्नानं. पूर्ण दागिन्याच्या किमतीवरून ती होत नाही.

पैसे कुठे घालायचे

हिऱ्याच्या दर्जात वजन, रंग, स्वच्छता आणि कट या चार गोष्टी बघतात. रंग डी पासून झेड पर्यंत मोजतात. डी म्हणजे पूर्ण बिनरंगी, पुढे पुढे पिवळट छटा वाढत जाते. स्वच्छतेत व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा उतरत्या पायऱ्या आहेत आणि त्या दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून ठरतात. कट म्हणजे पैलू कसे पाडलेत ते.

आपल्याकडच्या बहुतेक काउंटरवर ‘ईएफ, व्हीव्हीएस’ हे एकच पालुपद ऐकू येतं. ५ सेंटच्या खड्यासाठी ते मला पटत नाही. व्हीएस दर्जाच्या खड्यातला दोष भिंगातूनसुद्धा शोधावा लागतो. अडीच मिलिमीटरच्या खड्यात, कानातल्या अंतरावरून, तो जगात कुणालाही दिसणार नाही. शिवाय कुडी पिवळ्या सोन्यात करणार असाल तर सोन्याची झाक खड्यात उतरते, त्यामुळे जी-एच रंगाचा हिरा तिथे पांढराच दिसतो. पांढऱ्या सोन्यात करायचं असेल तर रंग थोडा वरचा घ्या. जी-एच, व्हीएस असा दर्जा धरला तर जे पैसे वाचतात ते कटवर आणि चौदा खडे जुळवण्यावर घाला. तिथे घातलेला रुपया न् रुपया दिसतो.

कटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कट या चौघांत सर्वांत महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वर आला पाहिजे. हिरा उथळ कापला तर उजेड खालून निसटतो आणि खडा मधोमध काचेसारखा पोकळ दिसतो. फार खोल कापला तर मधे काळोख राहतो, आणि वजन पोटात लपल्यामुळे व्यासही कमी भरतो, म्हणजे ५ सेंटचे पैसे देऊन ४ सेंटचा आकार मिळतो. मोठा एकटा हिरा असेल तर प्रयोगशाळेच्या अहवालात कटची श्रेणी लिहिलेली असते. ‘एक्सलंट’ किंवा निदान ‘व्हेरी गुड’च्या खाली जाऊ नका. जीआयए, म्हणजे हिरे तपासणारी अमेरिकेतली संस्था, कटची श्रेणी फक्त गोल हिऱ्यांना देते. ओव्हल किंवा इतर आकार घेताना डोळ्यांनीच बघावं लागतं: हिरा हळूहळू कलवा, मधे फुलपाखराच्या आकाराची काळी सावली पसरत असेल तर दुसरा मागा.

बारीक खड्यांना असा वेगवेगळा अहवाल नसतो. ते चाळणीनं आकारवारी निवडून पुड्यांत येतात. त्यांचा कट आणि रंग तुम्हालाच बघायचा आहे, आणि ते अवघड नाही.

चौदा खडे कसे बघायचे

सुटे हिरे दाखवायला सांगा. दागिन्यात बसलेला हिरा पूर्ण दिसत नाही. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊंना पैलू सुरतेत पडतात. माल तिथून मुंबईमार्गे इथे यायला चार-आठ दिवस लागले तरी चालतील, पण खडे बसवण्याआधी बघायला मिळाले पाहिजेत. ही अट बयाणा देण्याआधीच घाला.

हिऱ्याची पुडी उघडली की आत फिकट निळा कागद असतो. धंद्यातली ती जुनी पद्धत आहे. त्या कागदावर पिवळट खडाही पांढरा दिसतो. म्हणून पुडीवर रंग बघायचाच नाही. एक कोरा पांढरा कागद घ्या, मधोमध दुमडून त्याची पन्हळ करा, आणि दुकानाच्या दारापाशी सावलीत या. काउंटरवरचे फोकस कुठल्याही खड्याला नाचवतात, आणि थेट उन्हातही रंग कळत नाही. चिमट्यानं चौदा खडे पन्हळीत ओळीनं उपडे ठेवायला सांगा, म्हणजे टोक वर आणि सपाट बाजू खाली. आता वरून बघू नका. मान खाली घालून बाजूनं बघा. उपड्या हिऱ्यात चमक मरते आणि रंग तेवढा उरतो. चौदात एखादा पिवळट किंवा तपकिरी झाक असलेला असला तर अशा ओळीत तो लगेच उठून दिसतो. तो बाजूला काढा, बदली मागा. एवढं केल्यावर तेच खडे सरळ करून वरून बघा: सगळ्यांच्या मधल्या सपाट पैलूचा आकार सारखा आहे का, कुणी मधे काळा दिसतोय का, कुणी पोकळ दिसतोय का. मधल्या जागेसाठी सर्वांत उजळ दोन खडे वेगळे निवडून ठेवा.

मग नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा मागा. तो बहुतेक दुकानांत असतो. त्याखाली काही हिरे निळसर चमकतात. हा दोष नाही, हिऱ्याचा गुण आहे, आणि मध्यम चमक असलेला हिरा थोडा स्वस्तही मिळतो. पण चौदातले चार निळे आणि दहा काळे असं असू नये. रिसेप्शनला डीजेचे जांभळे दिवे लागले की कानात नेमके तेच चार वेगळे चमकतात. जोडीच्या दागिन्यात हे नक्की तपासा.

घरात ज्योतिष पाळत असतील तर काळ्या ठिपक्याचा विषय निघतोच. सात खड्यांच्या कुडीत भिंगानं चौदा खडे बघायला दहा मिनिटं लागतात, तेवढी घ्या. मधल्या सपाट पैलूखाली काळा ठिपका असेल तर श्रद्धा बाजूला ठेवूनही तो खडा मी घेणार नाही, कारण काळा ठिपका पांढऱ्यापेक्षा लवकर नजरेत येतो. हिरा लाभतो का हे बघायला काहीजण तो रात्रभर घरी नेतात. जरूर न्या, पण खड्याचं वजन, दर्जा आणि अहवालाचा क्रमांक लिहिलेली पावती घेऊनच न्या. त्यानं दुकानदारही निर्धास्त राहतो.

लॅबग्रोन आणि मॉयसनाइट

२०२३ च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेत जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा लॅबग्रोन हिरा भेट दिला, तेव्हा तो खरा की खोटा असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. लॅबग्रोन हा हिराच आहे. तोच कार्बन, तीच रचना, तोच कठीणपणा. फक्त जमिनीऐवजी यंत्रात वाढवलेला. डोळ्यांनी, भिंगानं किंवा दुकानातल्या ‘टीं’ वाजणाऱ्या पेनानं तो ओळखू येत नाही. त्याला प्रयोगशाळेचं यंत्रच लागतं.

माझं मत सरळ आहे. नोकरीवर रोज घालायला, मोठा आकार हवा म्हणून, हौस म्हणून लॅबग्रोन उत्तम. त्याच पैशात कितीतरी मोठा आणि स्वच्छ खडा मिळतो. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत फार कोसळलेत, कारण यंत्रं वाढली की माल वाढतो. म्हणून अडीअडचणीला उपयोगी पडेल या हिशेबानं मुलीच्या अंगावर घालायचा दागिना असेल तर त्यात लॅबग्रोनची किंमत शून्य धरूनच चाला. जीआयएनंही १ ऑक्टोबर २०२५ पासून लॅबग्रोनला नैसर्गिक हिऱ्यासारख्या रंग-स्वच्छतेच्या श्रेणी देणं थांबवलं. आता ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग आहेत.

खरी काळजी बारीक खड्यांची आहे. नैसर्गिक खड्यांच्या पुडीत लॅबग्रोन मिसळलेले असले तर कित्येकदा दुकानदाराच्याही ध्यानात येत नाही. म्हणून बिलावर ‘नैसर्गिक हिरे’ असे शब्द लिहून मागा, आणि कुड्या तयार झाल्यावर पूर्ण दागिन्याचा अहवाल काढून द्यायला सांगा. आयजीआयसारख्या संस्था तयार दागिन्याचा असा अहवाल देतात. त्यात बसवलेल्या खड्यांचं वजन आणि दर्जा अंदाजानं लिहिलेला असतो, पण खडे नैसर्गिक आहेत की नाहीत ते कळतं. त्याचा थोडा खर्च येतो. चौदा हिऱ्यांच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

मॉयसनाइट हा हिरा नाही, वेगळाच खडा आहे. उष्णता मोजणारं साधं पेन त्यालाही हिरा म्हणतं, कारण तोही उष्णता चटकन वाहून नेतो. ‘मशीन लावून दाखवलं’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. भिंगातून थोडं तिरकं बघितलं तर मॉयसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात. अमेरिकन डायमंड ओळखणं त्याहून सोपं: सुटा खडा त्याच आकाराच्या हिऱ्याच्या दीडपटीहून जड भरतो.

मोठ्या हिऱ्याचा अहवाल असेल तर त्यातला क्रमांक हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे त्याच्या सर्वांत रुंद कडेवर, लेझरनं कोरलेला असतो का ते विचारा. असेल तर भिंगातून तो स्वतः वाचा, आणि संस्थेच्या वेबसाइटवर टाकून वजन आणि माप जुळवून घ्या. अहवालात किंमत नसते. किमतीचं कार्ड दुकानाचं असतं. त्या दोन कागदांची गल्लत करू नका.

आजीच्या कुड्या मोडून नव्या करताना

हे काम सर्वांत नाजूक. जुन्या कुड्यांचं कोंदण मागून बंद असतं आणि खड्याखाली चमकीचा पत्रा, म्हणजे डांक, घातलेली असते. खडा पांढरा दिसतो त्यात बराच वाटा त्या डांकेचा असतो. खडा बाहेर काढेपर्यंत त्याचा रंग, खोली, काहीच सांगता येत नाही, आणि कधी कधी सातातले एकदोन पूर्वीच बदललेले, हिरे नसलेलेही निघतात. म्हणून ‘यातले हिरे वापरून नवीन करा’ असं मोघम सांगून कुड्या ठेवून येऊ नका. आधी दोन्ही बाजूंनी जवळून फोटो काढा. आख्ख्या कुड्यांचं वजन लिहून घ्या. मग खडे तुमच्यासमोर काढायला लावा. काढल्यावर एकेका खड्याचा व्यास आणि सगळ्यांचं मिळून वजन लिहा, कुठल्याच्या कडेला टवका आहे ते लिहा, आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

हिरा सगळ्यांत कठीण असला तरी तो चिवट नसतो. नेमक्या जागी दाब पडला की टवका उडतो. जुन्या खड्यांच्या कडा पातळ असतात, त्यामुळे काढताना एखादा दुखावू शकतो. ती जोखीम कुणाची हे आधीच बोलून घ्या. जुन्या कटचे खडे नव्यांइतके झगमगणार नाहीत. त्यांची चमक संथ असते, मोठ्या पैलूंमधून सावकाश हलते. मला ती फार आवडते. ते खडे पुन्हा कापून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वजन बरंच जातं आणि आजीचा खडा आजीचा राहत नाही. नव्या-जुन्यांची सरमिसळ मात्र एका कुडीत नको. जुने सात चांगले निघाले तर त्यांचं पदक करा आणि कुड्या नव्या खड्यांच्या करा.

घडण

सोनं १८ कॅरेटचं घ्या. त्यात ७५ टक्के सोनं असतं, बाकीच्या धातूंमुळे ते कणखर होतं. २२ कॅरेटमध्ये खडे धरणारे दात मऊ राहतात, उशीला घासून, केसात अडकून हळूहळू वाकतात. मोडताना सोनं कमी भरेल म्हणून २२ कॅरेटचाच आग्रह धरणाऱ्या आज्या मला भेटतात. त्यांना मी सांगते, सोन्याचे पैसे तुम्ही १८ च्याच भावानं देताय, बुडत काही नाही. पण एक खडा पडला तर तो बुडाला.

आता नक्षी संगणकावर काढतात, तिचा मेणाचा साचा निघतो आणि त्यावरून सोन्याचं ओतकाम होतं. संगणकावरचं चित्र प्रत्येक वेळी सुंदरच दिसतं, त्यावर भुलू नका. मेणाचा नमुना हातात मागा. तो कानाला लावून बघता येतो. त्याचं वजनही करा: मेणाच्या वजनाला साधारण १५ ते १६ नं गुणलं की १८ कॅरेट सोन्याचं ओतीव वजन येतं. मेण ०.४ ग्रॅम भरलं तर दागिना सहा-सव्वासहा ग्रॅमचा होणार. घासून, पॉलिश होऊन त्यातलं थोडं कमी होतं. बजेटपेक्षा जास्त भरत असेल तर बदल करायची हीच वेळ, नंतर नाही.

नमुना बघताना तीन गोष्टी सांगा. मागची बाजू उघडी असावी, म्हणजे उजेड खेळतो आणि साफ करता येतं. खड्यांमधले दात सामाईक असले तरी प्रत्येक खडा निदान तीन-चार ठिकाणी धरलेला असावा. दांडी जाड आणि फिरकीचे आटे खोल असावेत. हिऱ्याच्या कुड्या हरवतात त्या बहुतेक फिरकी सैल झाल्यामुळे. इथे खडे बसवणारे बरेचसे कारागीर बंगाली आहेत आणि त्यांचा हात बारीक आहे. शक्य असेल तर त्यांच्या कामाचे तयार दागिने आधी भिंगातून बघून घ्या.

बिल

सोपा आकडा म्हणून २४ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरू. मग १८ कॅरेटचा एक ग्रॅम ७,५०० रुपये. कुड्यांचं एकूण वजन ६.३४० ग्रॅम भरलं. त्यात ७० सेंट हिरे, म्हणजे ०.१४० ग्रॅम. निव्वळ सोनं ६.२०० ग्रॅम, त्याचे ४६,५०० रुपये. ही झाली पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत हिरे: नग १४, वजन ०.७० कॅरेट, नैसर्गिक, रंग, स्वच्छता, कॅरेटचा भाव आणि रक्कम. तिसरीत मजुरी, ग्रॅमवर किंवा टक्क्यावर, जी ठरली असेल ती. शेवटी ३ टक्के जीएसटी. हिऱ्यांचं वजन सोन्याच्या भावानं लावलं तर या उदाहरणात हजारभर रुपयांचा फरक पडतो. मोती किंवा रंगीत खडे असतील तर फरक बराच वाढतो. पण खरा तोटा होतो तो दुसऱ्या ओळीत दर्जा न लिहिल्यामुळे. उद्या बदलायला गेलात की ‘व्हीव्हीएस कोण म्हणालं?’ असा प्रश्न येतो आणि उत्तर तुमच्याकडे नसतं.

दागिन्यावर हॉलमार्क हवा. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना सूट आहे. १८ कॅरेटवर ७५० चा शिक्का असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकून तिथेच तपासा. मात्र हा शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा आहे. हिऱ्याबद्दल तो काहीही सांगत नाही, आणि ‘हॉलमार्क आहे म्हणजे हिरे खरे’ असं समजणारे मला अजून भेटतात.

परत घेण्याचा आणि बदलून देण्याचा नियम प्रत्येक पेढीचा वेगळा असतो. रोख परत किती टक्के, बदली घेतल्यास किती, ते सोन्यावर वेगळं आणि हिऱ्यावर वेगळं लिहून घ्या. टक्के आजच्या भावावर की बिलातल्या भावावर, हेही त्यातच.

ताब्यात घेताना

घाई असते, पाहुणे थांबलेले असतात, तरी पंधरा मिनिटं काढा. आधी काटा: एकूण वजन बिलाशी जुळतं का बघा. मग भिंगातून प्रत्येक खड्याभोवती फिरा. दात खड्याला टेकलेले हवेत, मधे फट नको, कुठल्या कडेला नवा टवका नको. कुडी कानाशी धरून नखानं हलकी टिचकी मारा. खडा सैल असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते. शेवटी साडीचा पदर दातांवरून फिरवा. धागा ओढला गेला तर तो दात पुन्हा घासून घ्या.

हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो, म्हणून हळदीच्या दिवशी कुड्या काढून ठेवलेल्या बऱ्या. एरवी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलाचा मऊ ब्रश पुरतो. धुताना बेसिनच्या भोकावर बोळा लावा. कुड्या इतर दागिन्यांत टाकू नका, हिरा सोन्यावर आणि दुसऱ्या हिऱ्यावरही ओरखडे काढतो. कधी टाका लावायची वेळ आली तर लेझरनं लावून घ्या, गॅसच्या ज्योतीनं खड्याचा पृष्ठभाग पांढुरका पडू शकतो. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी पेढ्यांवर गर्दी व्हायच्या आत, दात आणि फिरकी तपासून घ्या.